विमानाच्या दारात म्हटलेलं ‘चाल ना’

अंजनगावात आता जो भेटतो तो मला एकच विचारतो, भेव लागला होता का. लागला होता. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. उघड्या दारात बसल्यावर ज्याला भीती वाटत नाही, त्यानं खाली पाहिलेलं नसतं. पण मी तिकडे उडी मारायला गेले नव्हते. मी नातीकडून ‘हो’ आणायला गेले होते.

नात म्हणजे रेणू, माझ्या मुलाची, दिगंबरची थोरली. अकोल्याला शेतकीचं शिक्षण घेऊन ती न्यूझीलंड देशात फळांच्या मळ्यावर नोकरीला लागली. इकडे दिगंबरनं तिच्यासाठी तेल्हाऱ्याचं स्थळ पाहिलं. कपाशीची भारी जमीन, घर निर्व्यसनी, पोरगा शिकलेला. सगळ्यांना पसंत. रेणू फोनवर नाही म्हणाली. दिगंबर म्हणाला, काहून? ती म्हणाली, मले नाही करायचं. दुसरा कोणी आहे का? नाही. पोरात खोट आहे? नाही. मग? मग काही नाही.

आमच्याकडे कारण नसलेल्या ‘नाही’ला कोणी धरत नाही. त्याला नखरा म्हणतात. वर्षभर ती नाही म्हणत राहिली आणि वर्षभर दिगंबर साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, बोलणी पुढे नेत राहिला. शेवटी मला म्हणाला, "माय, पोट्टी तुह्यं ऐकते. तू जाय अन् हो घेऊनच ये."

मी चौथी शिकलेली. सत्तरी ओलांडली आहे. नागपूर आणि शेगाव यापलीकडे गेलेली नव्हते. पण मुलानं काम सांगितलं होतं आणि नातीला पाहायचंही होतं. गेले.

रेणूचा मळा

बडनेऱ्याला गाडीत बसले, मुंबईला विमानात बसले, आणि अमरावतीचं एक जोडपं लेकाकडे चाललं होतं त्यांच्या मागे मागे चालत तिकडे उतरले. मधलं सांगण्यासारखं काही नाही. पाय सुजले, एवढंच.

विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका पोरीनं माझी पिशवी उघडली. मी विड्याची पानं नेली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. आणि थोडी वाळलेली पानपिंपळी, आमच्या मळ्यातली. वेलाची शेंग असते, औषधात जाते. पोरीनं पानं वास घेऊन पाहिली, हसली, आणि टोपलीत टाकून दिली. पिंपळीही गेली. डब्यातलं तिखट तेवढं राहिलं. रेणूनं नंतर सांगितलं की आपल्या पानावरची कीड त्यांच्या मातीत नको म्हणून ते असं करतात. मला राग आला नाही. आमच्या पानमळ्यात आम्ही परक्याला चपला घालून येऊ देत नाही, मग तो कोणीही असो.

त्यावरूनच दुसऱ्या दिवशी गंमत झाली. रेणू मला तिच्या मळ्यावर घेऊन गेली. किवी नावाचं फळ असतं तिकडे, चिकूसारखं दिसणारं, अंगावर बारीक केस. त्याचे वेल डोक्याच्या वर तारांवर चढवलेले, आणि खाली सगळा अर्धा अंधार. वाकून आत शिरावं लागतं. पाला गोल आणि मोठा. मला क्षणभर आमच्याच मळ्यात आल्यासारखं वाटलं आणि हात आपोआप खाली गेला. मी चपला काढून बांधाशी ठेवल्या. तिथली मुकादम बाई धावत आली. रेणू म्हणाली, "आजी, घाल. इथी बूट नसले तर आत येऊ देत नाहीत." आमच्याकडे घातले म्हणून हाकलतात, यांच्याकडे काढले म्हणून.

आपल्याकडे तेव्हा वैशाख तापत होता. तिकडे थंडी लागायला लागली होती आणि फळ तोडणीला आलं होतं. तोडणारे पोटाशी मोठी पिशवी बांधतात आणि दोन्ही हातांनी तोडतात. रेणू एका टोळीवर देखरेख करते. एखादं फळ घेऊन चाकूनं कापून पाहते, पिकलं किती ते बघते. तिचा आवाज तिथे वेगळा होता. घरी ती असं बोलत नाही. मी पाहून घेतलं.

तिच्या घरी मी कढीगोळे केले. तिकडचं दूध दाट, पण दही गोडसर. आंबट दही काही केल्या मिळेना. लिंबू पिळलं तर कढी फाटली. तरी पोरगी दोन वेळा जेवली. स्थळाचं मी काढलं नाही आणि तिनंही काढलं नाही. दोघींनाही माहीत होतं मी का आले ते.

समुद्राकाठी

सुट्टीच्या दिवशी तिनं मला समुद्र दाखवायला नेलं. समुद्राच्या तोंडाशी एकटाच एक डोंगर उभा आहे, बाकी सपाट वाळू. वारा असा की पदर हातात धरूनच चालावं लागे. लोक त्या थंडीत उघड्या अंगानं पाण्यात जात होते. आम्ही वाळूत बसून बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. त्यावर ते मिठाबरोबर आंबट पाणी शिंपडतात. मला आवडले.

तिथे मी विषय काढला. विचारलं, तेल्हाऱ्याच्या लोकांना काय सांगू.

"नाही म्हून सांग."

"काहून?"

रेणूनं कापांचा कागद चुरगळला. म्हणाली, "आजी, तूही काहूनच म्हणते. बाबा म्हणते काहून, आई म्हणते काहून, मामा म्हणते काहून. माह्यापाशी काहून नाही. मले नाही वाटत. बस."

मी म्हटलं, नाही वाटत असं कुठे असतं का. पोरगा पाहिलेला नाही, चार दिवस त्याच्याशी बोललेली नाही, अन् म्हणे नाही वाटत. मला वाटलं होतं का लग्न करावं म्हणून? मला कोणी विचारलंच नव्हतं. तरी संसार झाला.

दूर मैदानाच्या अंगानं वरून रंगीत छत्र्या खाली येत होत्या. एकेका छत्रीला दोन माणसं टांगलेली. मी आधी मुलांचे पतंग समजले होते. रेणूनं सांगितलं की विमानातून उड्या मारतात, हौसेनं, नवा माणूस शिकलेल्या माणसाला बांधलेला असतो. मग तिनं तिकडे बोट केलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू त्याच्यातून उडी मारून दाखव. मंग मी लग्न कराले तयार आहो."

मी वर पाहिलं. एक छत्री डोंगराच्या कडेनं वळून गेली.

"मारतो," मी म्हटलं.

"आजी, मी चिडून बोलली."

"मी नाही चिडून बोलली."

ती हसली. तिला वाटलं मी विसरेन. नाही विसरले तर वयावरून ते लोकच नाही म्हणतील. पण उडीवाल्यांनी फक्त डॉक्टरचा कागद मागितला. डॉक्टरनं छाती तपासली, गुडघे हलवून पाहिले, आणि आयुष्यभर काय काम केलं असं विचारलं. मळ्याचं, असं रेणूनं सांगितलं. त्यानं सही केली. त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा रेणूचा चेहरा उतरलेला पाहिला. शब्द तिचाच होता. आमच्या घरात शब्द मागे घ्यायची सवय कोणालाच नाही, आणि ती माझीच नात.

वर, आणि खाली

मैदानावर एक पत्र्याचं मोठं घर आहे. तिथे मला रेणूची पँट घालून वर त्यांचा निळा झगा चढवायला लावला. सत्तर वर्षांत अंगाला लुगड्याशिवाय काही लागलं नव्हतं. आरशात पाहिलं नाही. दाताची कवळी काढून रेणूच्या हातात दिली, कारण वाऱ्यानं उडून जाईल म्हणाले.

ज्याच्याबरोबर मी जाणार तो टॉम नावाचा दाढीवाला उंच माणूस होता. त्यानं मला खाली बसवून रेणूमार्फत समजावलं. दारात बसलं की पाय विमानाखाली मागे घ्यायचे, डोकं त्याच्या खांद्यावर टाकायचं. त्यानं थोपटलं की हात पसरायचे. उतरताना पाय वर उचलायचे आणि बुडावर घसरायचं. हे त्यानं पुन्हा पुन्हा करून घेतलं. लग्नाच्या वेळी मला कोणी इतकं समजावलं नव्हतं.

विमान लहान. खुर्च्या नाहीत. सगळे एकमेकांच्या पुढ्यात फळीवर बसतात. वर गेल्यावर टॉमनं मला पाठीमागून स्वतःच्या पोटाशी पट्ट्यांनी आवळलं. परक्या पुरुषाला असं चिकटून बसायचं हे आधी कळलं असतं तर मी नको म्हटलं असतं का, सांगता येत नाही. तिथे तर पट्टा आणखी घट्ट असावा असंच वाटत होतं.

खिडकीतून मळे दिसत होते. वारा अडवायला त्यांनी चारी बाजूंनी उंच झाडांच्या भिंती लावल्या आहेत, त्यामुळे वरून सगळा मुलुख खणाखणांचा दिसतो. पुढे समुद्र, आणि समुद्रात लांब एक बेट, त्याच्यातून पांढरा धूर निघत होता. मग दार वर सरकलं.

थंडी आत आली आणि आवाज आला. पुढचे दोघे दारात बसले आणि दिसेनासे झाले. पडले असंही दिसलं नाही. होते आणि नव्हते. आमची पाळी आली. मी दारात, पाय बाहेर. खाली नुसतं पांढरं आणि हिरवं. मी दोन्ही हातांनी छातीवरचा पट्टा धरला. त्यानं कानाशी वाकून काही विचारलं. मला वाटलं, निघायचं का विचारतो. मी म्हटलं, "चाल ना बापा, चाल ना."

तो थांबला. परत विचारलं. मी आणखी मोठ्यानं म्हटलं, "चाल ना!"

त्यानं मला दारातून मागे ओढलं. दार खाली सरकलं. मी त्याच्या हातावर चापटी मारली, दाराकडे बोट केलं. तो माझा खांदा थोपटत राहिला, लहान लेकराला थोपटावं तसा. विमान वळलं आणि आम्ही बसून खाली आलो.

रेणू कुंपणाशी उभी होती. धावत आली. "आजी, तू नाही म्हटलं?"

कवळी तिच्या हातात, त्यामुळे माझं बोलणं मलाच नीट कळत नव्हतं. आधी कवळी लावली. मग म्हटलं, "मी काहून नाही म्हणू? मी चाल ना म्हटलं."

रेणू गवतातच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या बोलीत नाहीला ‘नो’ म्हणतात. दात नसलेल्या तोंडातून ‘चाल’ आतच राहिलं आणि ‘ना’ तेवढं गेलं. मी दोनदा चल म्हटलं, त्यानं दोनदा नाही ऐकलं.

टॉम हसला नाही. मी रेणूला म्हटलं, त्याला सांग, मी भ्याले नव्हते, चुकून झालं. तिनं सांगितलं. तो तिच्याशी बराच वेळ बोलला. रेणू म्हणाली, "तो म्हणते, नाही असा नुसता आवाज आला तरी आमी दार लावतो. मंग तो खरा असो का खोटा."

"अन् मले काहून इचारलं नाही त्यानं? तिथंच इचारलं असतं तर कळलं असतं."

रेणूचं हसू थांबलं होतं. "आजी, दारात बसलेल्या माणसाले काहून कोन इचारते?"

ढग आले म्हणून त्या दिवशी परत विमान गेलं नाही. दुसऱ्या दिवशी या म्हणाले. परतताना रेणू मोटार चालवत होती. मी खिडकीतून ती झाडांची भिंत पाहत होते. परका माणूस. माझी भाषा येत नाही. मी न म्हटलेलं नाही त्यानं ऐकलं आणि दार लावलं. आणि ही पोरगी आमच्याच भाषेत, दात शाबूत असताना, वर्षभर सांगत होती. त्याच्यात चुकून ऐकण्यासारखं काही नव्हतं. तरी तिकडे मंडपवाला ठरला होता.

घरी पोचल्यावर रेणू म्हणाली की उडी काही झाली नाही, तेव्हा तिच्या शब्दाचं काही राहिलं नाही. मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्यांदा

या वेळी टॉमनं मला अंगठा वर करायला शिकवलं. बोलायचं काही नाही, फक्त अंगठा. कवळी रेणूच्या हातात दिली. तिनं ती मुठीत घट्ट धरली.

दारात बसले. अंगठा वर केला. तो म्हणाला ते मला कळलं नाही, पण पुढे झुकलेलं कळलं.

विहिरीत पडल्यासारखं होईल असं वाटलं होतं. तसं होत नाही. पोट वर येत नाही. वारा मात्र खालून इतक्या जोरानं येतो की आपण पडतो आहोत हेच कळत नाही. वारा धरून ठेवतो असं वाटतं. गाल कानांपर्यंत गेले. श्वास घ्यायचं विसरले, मग आठवलं. त्यानं थोपटलं, मी हात पसरले. मी देवाचं नाव घेतलं नाही. नंतर सगळ्यांनी विचारलं म्हणून सांगते. घ्यायला सुचलंच नाही.

मग कोणी पाठीला धरून वर उचललं तसा झटका बसला आणि एकदम शांत झालं. इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. मळ्यात दुपारी असते त्याहून जास्त. पाय खाली लोंबत होते आणि त्यांच्याखाली शेतं होती. गुडघे दुखत नव्हते, कारण त्यांच्यावर माझा भार नव्हता. नवरा गेला त्या वर्षीपासून गुडघे दुखतात. तेव्हापासून पहिल्यांदा.

खाली एक कुंपण होतं आणि कुंपणाशी एक बारकी आकृती. मला वरून माहीत होतं ती कोण ते. बाकीची माणसं हलत होती, ती हलत नव्हती.

पाय उचलले. बुडावर घसरत गेलो. गवत ओलं होतं, पँट भिजली, ढोपर थोडं खरचटलं. टॉमनं पट्टे सोडले आणि हात धरून उभं केलं. बाकीच्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या.

रेणू सावकाश चालत आली. मला सगळीकडून चाचपलं, हात, खांदे, कंबर. मग कवळी पुसून दिली. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "कधी येऊ?"

"कुठी?"

"साक्षगंधाले. मारली तू उडी."

मी कवळी बसवली. घाई केली नाही. हे बोलणं स्पष्ट जायला पाहिजे होतं. म्हटलं, "तू बापाले काय सांगतलं होतं?"

"नाही म्हून."

"मंग ते तसंच राहू दे."

"पण तू जिंकली."

"जिंकली म्हूनच सोडता येते. काल सोडलं असतं तर तुह्या बापानं म्हटलं असतं, बुढी भ्याली."

ती रडली नाही, मीही नाही. ती माझ्या झग्याची चेन उघडत राहिली, ती अडकली होती. मग म्हणाली, "चाल, चहा घेऊ." तिकडचा चहा पाणचट असतो. तो प्यालो.

अंजनगाव

दिगंबर बडनेऱ्याला गाडी घेऊन आला होता. सामान ठेवलं आणि आम्ही निघालो. अमरावती मागे पडल्यावर त्यानं विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं, नाही म्हणाली. आणि तेल्हाऱ्याला तू कळव, नाहीतर मी कळवते.

त्यानं गाडी कडेला घेतली. म्हणाला, "तुले यासाठी पाठवलं होतं?"

मी म्हटलं, "ज्यासाठी पाठवलं होतं ते नाही झालं."

तेल्हाऱ्याला शेवटी मीच फोन केला. चांगली माणसं आहेत. पोराच्या आईनं विचारलं, आमचं काही चुकलं का. मी म्हटलं, काही नाही, पोरीची इच्छा नाही. ती बाई म्हणाली, बरं झालं आधीच सांगितलं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. अवघड दुसरीकडे होतं. दिगंबर माझ्याशी बोलेना. ताटावर बसून सुनेला सांगे, मायले भाकर दे. मंडपवाल्याला त्यानं काय सांगितलं ते मला कळलं नाही. रेणूचा फोन आला की तो मळ्यात निघून जाई. उडीचं तर त्यानं नावच काढलं नाही. गाव विचारत होतं आणि माझ्या घरात कोणाला ठाऊक नसल्यासारखं चाललं होतं.

श्रावणात एका सकाळी मी मळ्यात पिंपळीच्या वेलाजवळ बसले होते. तो पाण्याचं पाहून आला आणि जवळ उभा राहिला. वेलाचा एक शेंडा आधाराला गुंडाळत म्हणाला, "तिचा मळा वरून कसा दिसते?"

मी सांगितलं. खणाखणांचा दिसतो. चारी बाजूंनी उंच झाडं, वारा येऊ नये म्हणून. आत वेल. वरून वेल दिसत नाहीत, नुसता हिरवा पाला दिसतो, एकसारखा, आपण पडलो तर झेलेल असा. झेलणार नाही. पण दिसतो तसा.

"अन् आतून?"

"आतलं तिले इचार. ते रोज आत असते."

त्यानं हात धोतराला पुसले आणि फोन काढला. बघत राहिला. म्हणाला, "आता कामात असीन ते."

"असीन तर उचलणार नाही," मी म्हटलं. "तू लाव."

त्यानं लावला. घंटी जात होती तेव्हाच मी उठून बाजूच्या वाफ्यात गेले.